ग्लासगोचा गुलाब आणि आमचा शिवणाचा तास

ग्लासगोत तिसऱ्या दिवशीही पाऊस काही हटेना, मग गुपचूप केल्विनग्रोव्ह म्युझियममध्ये शिरले, तिकीट नाही म्हटल्यावर तर प्रश्नच नव्हता. आत छताला अख्खं स्पिटफायर विमान टांगलंय, पोरंटोरं सगळी तिकडे. मी मात्र ग्लासगो स्टाइल या इथल्या खास कलाशैलीच्या दालनात भरतकामापाशी अडकले ती अडकलेच.

हे काम इथल्याच ग्लासगो स्कूल ऑफ आर्टचं. जेसी न्यूबेरी या बाईंनी तिथे 1894 मध्ये भरतकामाचे वर्ग सुरू केले. बाई पेझलीच्या, वडील शालींचे कारखानदार, आणि पेझली म्हणजे ज्याचं नाव आपल्या कोयरीला जगभर चिकटलंय ते गाव! त्यामुळे मी आपली कोयऱ्या शोधत होते, सापडले गुलाब.

तेही कसे, तर तलम रेशीम, बारीक नक्षी वगैरे काही नाही. साधं लिनन, त्यावर गुलाबी कापडाचा गोल तुकडा, कडेने भरीव टाका, आत चारपाच वळणदार रेघा, झाला गुलाब. काचेला नाक लावलं तर टाके चक्क मोजता येतात. उजेडाने रंग उडतात म्हणून लाइट मंद, त्यामुळे माझे फोटो सगळे हललेले.

1908 पासून भरतकामाचा हा विभाग न्यूबेरीबाईंचीच विद्यार्थिनी अ‍ॅन मॅकबेथ हिने सांभाळला. तिचं म्हणणं, लहान मुलांना जाडंभरडं कापड, मोठी सुई आणि उठून दिसेल अशा रंगाचा दोरा द्या, टाके मोठे घालू द्या, डोळे कशाला फोडायचे? हे सगळं तिने 1911 मध्ये पुस्तकात लिहूनसुद्धा ठेवलंय आणि आम्हाला पाचवीत पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा, वर टाका जरा मोठा पडला की बाई सगळं उसवायला लावायच्या!! माझा रुमाल वर्षभर पुरा झाला नाही.

बायकांच्या मताधिकारासाठी लढताना तुरुंगात उपोषण केलेल्या 80 जणींची नावं भरलेली 1910 ची गोधडीही मॅकबेथचीच, पण ती लंडनला आहे, राहिलीच बघायची.

त्यातल्या त्यात बरा फोटो आईला पाठवला. तिचा रिप्लाय, "हे तर तुलाही जमेल."