पगडीचा क्लास? बापानं शिकवलं नाही का?

मी अमृतसरला क्लास लावून पगडी बांधायला शिकलो हे कळलं की पुण्यातल्या ऑफिसात हसू फुटतं. 'सरदार असून?' आणि मग वरचा प्रश्न. नांदेडची आमची माणसं हसत नाहीत, नुसती बघतात. ते जास्त लागतं. तर एकदाचं सांगून टाकतो.

मी काही जगावेगळा नाही. अमृतसर, लुधियाना, जालंधर, कुठंही जा, दस्तार म्हणजे पगडी बांधायला शिकवणारे सापडतील. अमृतसरला 'अकाल पुरख की फौज' या संस्थेनं तर फार पूर्वीच 'टर्बन क्लिनिक' काढलं, कारण पोरं भराभर केस कापत होती. १९८४ च्या शीखविरोधी हिंसेनंतर कितीतरी घरांत भीतीपोटी केस गेले. ज्यानं स्वतःच पगडी उतरवली तो पोराला काय दाखवणार? कुणाचा बाप कॅनडात ट्रक चालवतो. बाकीच्या घरांत सकाळी बसची घाई. आई केसांचा जुडा बांधून पटका चढवते (फेटा नव्हे, पोरांचा डोक्याला घट्ट बसणारा रुमाल), विषय संपला. सगळेच धर्माच्या ओढीनं येतात असंही नाही. माझ्या शेजारचा पोरगा भावाच्या लग्नात पटियालाशाही पगडी मिरवायची म्हणून आला होता.

माझं कारण वेगळं. पापाजी रात्री बांधलेली पगडी अलगद उचलून कपाटावर ठेवायचे आणि सकाळी तशीच चढवायचे. (जाणकार नाक मुरडतील, पगडी रोज नव्यानं बांधायची असते. माहीत आहे.) नवी बांधायची असली की पूणीसाठी मला हाक. मी एक टोक ताणून धरायचो, ते घड्या घालत जवळ यायचे. घड्या झाल्या की माझी सुट्टी.

ते गेले तेव्हा मी बारावीत होतो, पटकाच घालायचो. भोग झाला, म्हणजे त्यांच्यासाठी ठेवलेला पाठ संपला, आणि पगडीची रस्म सुरू झाली. मामांनी आणलेलं कापड सगळ्या संगतीसमोर माझ्या हातात दिलं. थोरला मुलगा, आता घर तुझ्यावर. मी ते धरून नुसता उभा. शेवटी काका पुढं झाले आणि घाईघाईनं त्यांनी ते माझ्या डोक्याला गुंडाळलं. मत्था टेकायला वाकलो आणि वरची लड, म्हणजे कापडाचा वरचा थर, सुटली, मग दुसरी, मग सगळं कापड खांद्यावर. आत पटका होता म्हणून डोकं उघडं पडलं नाही एवढंच. मागून कुणी बाई म्हणाली, 'पग भी नहीं आती.' हळूच म्हणाली, पण मला ऐकू आलं, आईलाही. काकांनी पुन्हा बांधली, या वेळी इतकी आवळून की कान ठणकायला लागले. मला ते बरंच वाटलं. बाकी कशाचा विचार करावा लागला नाही.

त्याच सुट्टीत मावशीकडं अमृतसरला गेलो. उस्तादांनी पहिल्या दिवशी डोक्याला हातच लावला नाही. कापडाचं टोक दाराच्या कडीला बांधायला लावलं आणि एकट्यानं पूणी करायला शिकवलं. म्हणाले, 'हर घर विच फड़न वाला नहीं हुंदा.' प्रत्येक घरात टोक धरणारा नसतो. मग टोक दातांत धरून कपाळावर लड तिरपी कशी चढवायची, कानाशी किती ओढायची, सलाईनं, म्हणजे पगडीच्या सळीनं, सुरकुती कशी आत सारायची. बाप कुठं आहे, हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही.

तेव्हा मी तावातावानं म्हणायचो, कुणी का शिकवेना, पगडी ती पगडी. आता तेवढ्या जोरात म्हणवत नाही. पापाजींची डावीकडं जरा कललेली असायची, घोळक्याच्या फोटोतही लांबून ओळखू यायची. माझी अगदी रेखीव, त्या क्लासातून बाहेर पडलेल्या प्रत्येकासारखी. मग काय, क्लास नकोत? बारावीतल्या त्या पोरानं कुठं जायचं होतं, तेही सांगा की.

माझा मुलगा आता मोबाईल समोर ठेवून बांधतो. मी दाखवतो म्हटलं तर म्हणतो, तुमची स्टाईल जुनी झाली. पूणीला मात्र मला हाक मारतो. कडीला बांध म्हटलं की चिडतो, आणि आमचं रोज सकाळी यावरून वाजतं.