दोन खणांची अदलाबदल

मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही आणि मी वॉटरकलर शिकवतो. गेल्या मे महिन्यापर्यंत हे घरच्यांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

मला स्वतःला कळलं ते रेल्वेच्या मेडिकलला. असिस्टंट लोको पायलटची लेखी पास झालो, घरी पेढे वाटून झाले आणि मेडिकलला ते ठिपक्यांचं पुस्तक समोर आलं. इशिहारा टेस्ट, शिनोबु इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरनं 1917 च्या सुमारास काढलेली. ठिपक्यांत आकडा लपवलेला असतो म्हणे, मला नुसतेच ठिपके. सिग्नल ओळखता न येणारा माणूस इंजिनात कोण बसवणार, बरोबरच आहे त्यांचं. घरी आल्यावर आई म्हणाली, तुझे आजोबा पण मळ्यात मिरच्या तोडायला गेले की लाल-हिरव्या एकत्र घेऊन यायचे आणि आजी शिव्या घालायची. म्हणजे आईच्या वडलांकडनं आईतर्फे माझ्याकडं, हे असंच येतं.

चित्रकलेच्या शाळेत मी कधी गेलो नाही, नोकरी सांभाळून घरीच शिकलो, आणि रंगाची भीती असल्यामुळं पहिलं दीड वर्ष एकच ट्यूब वापरली, पेन्स ग्रे. पेपरातले ब्लॅक अँड व्हाइट फोटो समोर ठेवायचे आणि फक्त गडद-फिकट बघून रंगवायचं. नंतर एकेक रंग वाढवला पण डोळ्यावर विश्वास ठेवून नाही, जागेवर ठेवून. माझ्या पॅलेटमध्ये आठ खण, प्रत्येकाची जागा ठरलेली, डावीकडनं चौथा सॅप ग्रीन, सहावा बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी. निळा-पिवळा मला तुमच्यासारखाच दिसतो बहुतेक, पण हे दोघं खणात साठले की माझ्यासाठी जुळे भाऊ. अंधारात स्विच दाबतो तसा ब्रश तिथं जातो. लोक म्हणायचे सर तुमचे रंग फार कंट्रोल्ड असतात, मी हसायचो.

तर मे महिन्यात वाईजवळ मेणवलीच्या घाटावर डेमो होता, वीसेक लोक, त्यात सुट्टीची आलेली पोरंपण. सकाळी सातला बसलो कारण नंतर ऊन इतकं चढतं की वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा थर, कागदावर पसरायच्या आत वाळतो. नाना फडणवीसांचा घाट, काळा दगड, कृष्णेचं पाणी. तिथली ती वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा बघायला निम्मी पोरं आधीच पळाली होती. 300 जीएसएमचा जाड कागद बोर्डाला टेपनं चिकटवला, आकाशाचा वॉश मस्त बसला, मग घाटावरचं मोठं झाड एका दमात टाकलं, खाली दगड. दगडाला मी नेहमी बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन निळा मिसळून ग्रे करतो. तो ग्रे जरा निळसर वाटत होता, म्हणलं सकाळची सावली आहे, असेल.

मागं एकदम शांतता. डेमोत शांतता म्हणजे लोक रमलेत असं आपण समजतो ना, तसं मीही समजलो. तेवढ्यात नऊ-दहा वर्षांची एक मुलगी म्हणाली, "काका, झाड वाळलंय का? आणि दगडांवर शेवाळ?"

पोटात गोळाच आला. आदल्या रात्री भाच्यानं पॅलेट धुऊन नवीन रंग भरले होते, मला मदत म्हणून, आणि नेमक्या त्या दोन खणांची अदलाबदल केली होती. बाकी सगळं जागच्या जागी, त्यामुळं मला संशय यायचं कारणच नव्हतं. वीस मोठी माणसं ते तांबडं झाड बघत गप्प उभी होती, त्यांना वाटलं सरांची स्टाइल आहे. (एकानं तसं तांबडं झाड काढायला घेतलंही होतं.)

क्षणभर वाटलं हो म्हणावं, म्हणावं की मुद्दाम केलंय. मग त्या पोरीकडं बघितलं आणि सगळं सांगून टाकलं. रेल्वे, ठिपके, खण, सगळं. एक रिटायर्ड गृहस्थ म्हणाले मग तुम्ही रंगवता कसं, म्हणून त्यांना म्हणलं तुमच्या मोबाइलवर या चित्राचा फोटो काढा आणि ब्लॅक अँड व्हाइट करा. केला. झाड गडद, त्याच्यामागं आकाश उजळ, दगड मधल्या टोनचे, पायऱ्यांवरचं ऊन म्हणजे कोरा सोडलेला कागद. चित्र उभं होतं. मग सगळ्यांनी आपापल्या चित्रांचे तसे फोटो काढले आणि हिरवंगार रंगवलेली निम्मी झाडं मागच्या आकाशात विरघळून गेलेली. माझा ठरवलेला डेमो राहिला बाजूला, पुढचे दोन तास आम्ही नुसता टोन बघत बसलो.

हे सगळं चालू असताना त्या मुलीचा धाकटा भाऊ चित्राला नाक लावून उभा होता. तो बहिणीला म्हणाला, "कुठं वाळलंय? हिरवंच आहे की."

मी ब्रश खाली ठेवला. त्याला जवळ बोलावून विचारलं, झाडावर आंबा पिकलाय हे तुला कसं कळतं रे? "दाबून. नायतर ताई सांगते." त्यांची आई तिथंच होती, म्हणाली सर, शाळेत ह्याला बाई सारख्या बोलतात, पानं तपकिरी रंगवतो, लक्ष नाही म्हणून. तिला म्हणलं लक्ष आहे हो त्याचं, डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेऊन एकदा ती ठिपक्यांची टेस्ट करून घ्या. युरोपात म्हणे 12 पुरुषांत एक असा निघतो, आपल्याकडं प्रमाण थोडं कमी असेल, पण जगावेगळं काही नाही. आणि बाईंनाही सांगा.

पोराला त्या टेस्टबिस्टशी काही घेणं नव्हतं. त्यानं विचारलं, मग काका, तुमचं चुकलं कुठं? म्हणलं मला तरी कुठं दिसतंय, ताईला विचारू. ती चित्रापुढं आली आणि बोट फिरवत सांगायला लागली, इथपासून इथपर्यंत तपकिरी, हा दगड हिरवा, हा पण हिरवा, आणि आम्ही दोघं शेजारी उभं राहून हो हो म्हणत होतो.