मॅटाडोरचं वायरिंग: अर्धं पोतं वायर काढली

मागच्या नोंदीत मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की पत्रा झाला, रंग झाला, आता ‘थोडं वायरिंग’ तेवढं राहिलंय. त्या ‘थोडं’ला सहा रविवार गेले.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: गाडी १९९१ची बजाज टेंपो मॅटाडोर. आधीच्या कुठल्यातरी मालकाने तिच्यात घर थाटलं. दोन बाकं, त्यांचाच पलंग, सिंक, पाण्याचा पंप, १२ व्होल्टचा फ्रिज, पाच दिवे आणि या सगळ्यासाठी वेगळी १०० अँपिअर-अवरची बॅटरी. लेक गाडीला हत्ती म्हणते. हत्ती उभा असतो ऐरोलीत, खाडीपासून चालत दहा मिनिटांवर. हे अंतर लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पहिला आणि दुसरा रविवार

मुलुंडहून पुलावरून घरी येत होतो. सिग्नलला थांबलो तर पुढच्या बसच्या काचेत माझीच गाडी दिसली. ब्रेक दाबलेला, आणि समोरचा डावा इंडिकेटर अंधुक पेटलेला! घरी येऊन उलटं करून पाहिलं. डावा इंडिकेटर दिला की नंबरप्लेटचा दिवा त्याच्या तालावर लुकलुकतोय. आतून लेक ओरडली, “बाबा, घरातला दिवापण इंडिकेटर देतोय!”

मी काय केलं असेल? इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर बदलला. काही नाही. आणखी एक फ्लॅशर आणला, पहिला खराब निघाला असेल म्हणून. काही नाही. मग स्टिअरिंगखालचा स्विच खोलून साफ केला, एक स्प्रिंग उडाली ती शोधण्यात दुपार गेली. काही नाही.

शेवटी तुर्भ्याला ट्रकचं काम करणारे एक मिस्त्री आहेत त्यांच्याकडे गेलो. त्यांच्याकडे मीटर नाही. २१ वॅटचा एक बल्ब, त्याला दोन लांब वायरी, बस्स. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावलं, दुसरं मागच्या डाव्या दिव्याच्या पत्र्याला. बल्ब देवघरातल्या समईसारखा. तेच टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं तर लख्ख.

“अर्थ गेलाय साहेब.” (अर्थ म्हणजे करंटचा गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायचा रस्ता.)

“अहो, पण मी मीटरने बघितलं होतं, बीप वाजला!”

“बीपला काय लागतं? एक केस अडकला तरी वाजतो.”

हे वाक्य मी गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवणार आहे. (गॅरेज म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमधला कोपरा, आणि भिंत सेक्रेटरींची.) कंटिन्युइटी, म्हणजे वायर सलग आहे का, ते तपासताना मीटर जेमतेम मिलिअँपिअरभर करंट सोडतं. तेवढं एका तारेतूनही जातं. २१ वॅटच्या दिव्याला पावणेदोन अँपिअर लागतात, ते मात्र त्या एका तारेतून जात नाहीत.

मग ब्रेकचा करंट परत कसा जात होता? परतीचा रस्ता बंद, म्हणून तो शेजारच्या इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा शिरून, इंडिकेटरच्याच वायरीने पुढे जाऊन, पुढच्या बल्बच्या अर्थमधून बाहेर पडत होता. म्हणून पुढचा दिवा अंधुक. नंबरप्लेटचं तसंच, तिथे पार्किंग दिव्याच्या वायरीवरून. आणि कुणा महाभागाने घरातल्या दिव्यांचा अर्थ त्याच दिव्याच्या स्क्रूला दिलेला, म्हणून घरही इंडिकेटर देत होतं. एकच गुन्हेगार, साक्षीदार तीन, आणि मी साक्षीदारांनाच बडवत होतो.

आता अर्थ का गेला ते सांगतो, हसू नका. प्रायमर, रंग, वर क्लिअर. तीन थर. मीच मारलेले, मागच्या नोंदीत फोटोसकट मिरवलेले. दिव्याचा पत्रा त्या रंगावर बसला होता आणि बॉडीला लागत होते फक्त स्क्रूचे आटे. ब्रेक दाबून दिव्याचा पत्रा ते बॅटरी निगेटिव्ह असं मोजलं तर ३.८ व्होल्ट. तिथे खरं तर ०.१च्या आसपास हवं. रंग खरवडल्यावर ०.३ झालं. मग बॉडीवर भरवसा न ठेवता दिव्यापासून चासीपर्यंत वेगळी काळी वायर ओढली, तेव्हा ०.०८.

तिसरा रविवार

बॅटरी उतरण्याचं प्रकरण. चार-पाच दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ नुसता कण्हतो. सगळं बंद करून निगेटिव्हच्या वायरीत अँपमीटर घातला: ०.४१ अँपिअर. चांगल्या स्थितीतल्या जुन्या गाडीत हे ०.०५च्या आत असावं. एकेक फ्यूज काढत गेलो, नेहमीची पद्धत. सगळे फ्यूज काढून झाले तरी आकडा हलेना.

म्हणजे फ्यूजच्या आधीच कुठेतरी वायरीला फाटा फुटलेला. चटई उचलली. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट निघालेली एक लाल वायर, फ्यूज नाही, पत्र्याच्या भोकातून ग्रोमेटशिवाय (भोकाच्या कडेला लावतात ते रबरी कडं) आत आलेली. कडेला घासून इन्सुलेशन सोललेलं, आत तांबं दिसतंय. पुढे ती एका चोर स्विचला, तिथून सीटखालच्या जुन्या कॅसेट प्लेअरच्या अँप्लिफायरला आणि पाण्याच्या पंपाच्या रिलेला (विजेने ओढला जाणारा स्विच). अँप्लिफायर ०.२६ खात होता. रिले कायम ओढलेला, त्याची कॉइल ०.१५. पंप स्वतः वर्षापूर्वी मेलाय.

बॅटरी उतरणं हे यातलं सगळ्यात कमी वाईट. ती वायर त्या भोकाच्या कडेला पूर्ण टेकली असती तर बॅटरीतला सगळा करंट तिच्यातून गेला असता, आणि वर माझी लेक झोपते. त्या दिवशी आणखी काही केलं नाही. बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढून वर जाऊन चहा घेतला.

चौथा रविवार

पाऊस. ताडपत्री.

पाचवा आणि सहावा

आतापर्यंत माझा बेत सगळं वायरिंग नवीन करायचा होता. ‘तीस वर्षं जुनी वायर, काय राहिलं असणार तिच्यात’ असं मी बऱ्याच जणांना सांगितलंही होतं. ते मागे घेतो. कंपनीच्या हार्नेसवरची, म्हणजे वायरींच्या मूळ जुडग्यावरची टेप तीन ठिकाणी कापून पाहिली. आत तांबं लालसर, चकचकीत, लवचीक. हिरवी पडली होती ती झाडून सगळी नंतर कुणीतरी जोडलेली वायर. पिळा मारून टेप गुंडाळलेले जोड. उन्हाने टेपचा डिंक वितळला, पोकळी झाली, खाडीची खारट दमट हवा आत शिरली, आणि तांब्यावर हिरवी पूड. काही वायरींत ही हिरवाई इन्सुलेशनच्या आतून हातभर गेलेली. ती कापून परत जोडण्यात अर्थ नाही, अख्खी वायरच काढायची.

तर कंपनीचं ठेवलं, जास्तीचं सगळं काढलं. अर्धं पोतं भरलं. वजनकाट्यावर ६ किलो २०० ग्रॅम. सौ. म्हणाली, “एवढं काढलंत तरी दिवे लागतायत, मग ते होतं कशाला?” उत्तर नव्हतं.

फ्रिजचं वायरिंग मात्र लिहिण्यासारखं आहे. बॅटरीवर १२.३ आणि फ्रिजच्या टोकाला १०.९. व्होल्टेज एवढं पडलं की कंप्रेसर स्वतःच बंद होणार, आणि आपण फ्रिजला शिव्या देणार. वायर होती घरच्या बोर्डाची १.५ स्क्वेअर एमएम. बॅटरीपासून ५ मीटर जायला, ५ यायला. अशा वायरीचा रोध मीटरला साधारण १३ मिलिओहम, म्हणजे १० मीटरला ०.१३ ओहम, आणि ६ अँपिअरला जवळपास ०.८ व्होल्ट वायरच खाते. उरलेलं वाटेतले चार जोड. आता ६ स्क्वेअर एमएम टाकली, मधे एकही जोड नाही. पाव व्होल्टसुद्धा पडत नाही. घरात २३० व्होल्टमधून पाऊण व्होल्ट गेलं तर कुणाला कळतही नाही. बारातून गेलं की फ्रिज बसतो.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच, दोन्ही बॅटऱ्यांना. १.५च्या त्या वायरीवर ३० अँपिअरचा फ्यूज होता आणि त्यावर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. वायरीपेक्षा दमदार फ्यूज घातला की फ्यूजचं काम वायर करते.

सोल्डर (डाग देऊन जोडणं) की क्रिंप (पकडीने दाबून जोडणं) या वादात मी वर्षानुवर्षं सोल्डरवाला होतो. पक्ष बदलला. काढलेल्या पोत्यात सोल्डर केलेले सात जोड सापडले, त्यातले पाच सोल्डर जिथे संपतं नेमके तिथे तुटलेले. सोल्डर तारांमध्ये शिरून तेवढा भाग कडक करतं आणि गाडीच्या थरथराटाने कडक-मऊच्या सीमेवर तार मोडते. आता कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर, चांगल्या पकडीने क्रिंप, वरून आत डिंक असलेली हीट श्रिंक (गरम केली की आकसून बसणारी नळी). मिस्त्रींना हे दाखवलं. ते म्हणाले, “छान आहे. रात्री अकराला हायवेवर तुटलं तर ही पकड असते का बरोबर?” पकड गाडीत ठेवलीय. २१ वॅटचा बल्बही ठेवलाय, दोन लांब वायरी लावून.

गणपतीला गुहागरला जायचं ठरलंय, म्हणून काल रात्री पाम बीच रोडवरून बेलापूरपर्यंत फेरी मारली. ब्रेक, इंडिकेटर, नंबरप्लेट, सगळे आपापलंच काम करतायत. फ्रिज चालू होता, आत कोकमचं सरबत गार. उभ्या गाडीचा करंट ०.०३.

फक्त स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं की हॉर्न आपोआप वाजतो. हॉर्नची वायर स्टिअरिंगच्या नळीत कुठेतरी टेकत असणार, पुढच्या रविवारी खोलतो. आमच्या सोसायटीच्या गेटात शिरायला डावीकडेच वळावं लागतं. काल आलो तेव्हा साडेअकरा झाले होते. सेक्रेटरी बाल्कनीतच उभे होते.