नव्या रायफलीचे तेल

कारखान्यातून आलेली नवी रायफल खोक्यातून बाहेर काढली की ती काळीभोर दिसत नाही. तपकिरी, चिकट आणि खरे सांगायचे तर थोडी ओंगळच दिसते. तेलकट कागदाच्या आत लोखंडावर घट्ट ग्रीसचा असा लेप असतो की बोट टेकवले तर ठसा उमटून राहतो, आणि मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडून गेला की हाच लेप पातळ होऊन खोक्याच्या तळाशी उतरू लागतो. नव्या भरतीच्या जवानांना तो पाहून हमखास एकच प्रश्न पडतो : "उस्ताद, एवढं तेल तर कारखान्यानंच लावून दिलंय की, आता आपण काय लावायचं?"

प्रश्न रास्त आहे. माझी नोकरी पोलिसांच्या शस्त्रागारात, म्हणजे दलातली मंडळी ज्याला कोत म्हणतात तिथे झाली, आणि या प्रश्नाचे उत्तर मी फार आवडीने देत आलो आहे. कारखान्याने लावलेले तेल रायफल टिकण्यासाठी असते, चालण्यासाठी नव्हे. गोदामातला ओलावा आणि रेल्वेच्या वाघिणीतला प्रवास यांत लोखंडाला गंज चढू नये, एवढीच त्या लेपाची जबाबदारी. रायफल चालायची असेल तर तो लेप शेवटच्या कोपऱ्यापर्यंत काढावा लागतो आणि मग निवडक जागी, अगदी मोजके, निराळे तेल द्यावे लागते. यातले काढण्याचे काम अंगमेहनतीचे आहे. देण्याचे काम हात आवरण्याचे आहे, आणि माझा अनुभव असा की माणसांना मेहनत जमते, हात आवरणे जमत नाही.

मी बोलतो आहे ती 7.62 मिलिमीटरची सेल्फ लोडिंग रायफल, सर्वांच्या तोंडची एसएलआर. मूळ आराखडा बेल्जियमचा, आपल्याकडची घडण बंगालमधल्या ईशापूर कारखान्याची. मॅगझिनमध्ये 20 गोळ्या मावतात, ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते आणि पुढची गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, आपोआप येते. हे 'आपोआप' ज्याच्या जोरावर घडते तो गॅस. गोळी नळीतून पुढे सरकत असताना तिच्या मागच्या गरम वायूचा थोडा भाग नळीला पाडलेल्या एका छिद्रातून वर जातो, पिस्टनला मागे ढकलतो, पिस्टन स्लाइडला धक्का देतो, आणि स्लाइड ब्रीच ब्लॉकला, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या ठोकळ्याला, उचलून मागे नेते. रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते. पुढे येताना ब्रीच ब्लॉक नवी गोळी ढकलत आणतो. डोळ्याचे पाते लवायच्या आत एवढा कारभार उरकणाऱ्या यंत्रात तेल कुठे असावे आणि कुठे मुळीच नसावे, हा प्रश्न म्हणूनच बोल्ट हाताने मागे-पुढे करायच्या साध्या रायफलीपेक्षा जास्त नाजूक ठरतो. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या 50 मीटरच्या रायफलीत प्रत्येक गोळी नेमबाज स्वतः भरतो. तिथे गॅसची ही भानगडच नाही.

सफाईला बसण्याआधीची एक गोष्ट कोणत्याही घाईत टाळता येत नाही. रायफल नवी आहे, खोके सीलबंद आहे, गोळी असण्याचा प्रश्नच नाही, हे सगळे खरे असले तरी नळी सुरक्षित दिशेला धरायची, मॅगझिन काढून घ्यायचे, कॉकिंग हँडल मागे ओढून ब्रीच ब्लॉक मागेच अडकवायचा आणि चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहून मग करंगळीने चाचपायचे. ग्रीसने भरलेल्या चेंबरमध्ये डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून करंगळी. गोळ्यांची पेटी त्या खोलीतसुद्धा असता कामा नये.

मग खोलणे. बॉडी लॉकिंग लिव्हर दाबली की रायफल बिजागरीवर मधोमध उघडते, स्लाइड आणि ब्रीच ब्लॉक मागून सरकत बाहेर येतात, वरचे कव्हर निघते. पुढच्या बाजूला गॅस प्लग दाबून फिरवला की पिस्टन आणि त्याची स्प्रिंग हाती लागते. याहून अधिक खोलू नये. ट्रिगरची यंत्रणा आरमोररने, म्हणजे हत्यारांच्या कारागिराने, खोलायची असते, आणि उत्साही माणसाच्या हाती स्क्रू ड्रायव्हर देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

ग्रीस काढायला आमच्याकडे वर्षानुवर्षे रॉकेलच वापरले जाई. खिडक्या उघड्या ठेवायच्या, आसपास विडी-काडी चालू द्यायची नाही आणि पेट्रोलच्या वाटेला जायचे नाही. पत्र्याच्या ट्रेमध्ये सुटे भाग बुडवून ठेवायचे, कुंचल्याने घासायचे, कोपऱ्यांत बांबूची कामटी टोकदार करून फिरवायची. लोखंडी सुई फिरवू नये. ओरखडा पडला की गंजाला जागा मिळते. रिकामे काडतूस ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या खालची फट, फायरिंग पिनचे भोक आणि गोळी सुटताना ब्रीच ब्लॉक ज्याला टेकून अडतो त्या लॉकिंग शोल्डरच्या मागचा कोपरा या तीन जागी ग्रीस सर्वांत चिवट असते आणि नेमक्या याच जागा विसरल्या जातात. फायरिंग पिनच्या भोकात ग्रीस राहिले तर पिनचा फटका मंदावतो, काडतुसाच्या टोपीवर पुरेसा ठोका बसत नाही आणि रायफल मुकी राहते. मग जवान गोळीला शिव्या देतो.

रॉकेलने धुतलेले लोखंड अगदी उघडे पडलेले असते. त्याला घामेजल्या हाताने धरून तासभर गप्पा मारल्या तर दुसऱ्या दिवशी बोटांच्या ठशांच्या जागी तांबूस छटा दिसू शकते, कारण घामातले मीठ आपले काम मुकाट्याने करीत असते. म्हणून धुणे आणि तेलाचा पातळ हात देणे यांच्यामध्ये जेवणाची सुट्टी घेऊ नये.

आता चिंधीविषयी, आणि इथे सोलापूरकर असण्याची एक गंमत आहे. टॉवेल आणि चादरींच्या या गावात कापडाच्या तुकड्यांना तोटा नाही. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतून टेरी टॉवेलच्या कात्रणांचे गाठोडे कुणीही सहज आणून देतो. सोलापुरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि अंग पुसायला त्याच्यासारखे कापड नाही. रायफल पुसायला मात्र त्याच्याइतके वाईट कापड नाही. त्याच्या पृष्ठभागावरचे सुताचे फासे लोखंडाच्या धारेत अडकतात, तुटतात, आणि त्यांचे तंतू तेलाला चिकटून ट्रिगरच्या आत जाऊन बसतात. रायफलीला लागते ती फ्लॅनेलची चिंधी, चार इंच लांब आणि दोन इंच रुंद, जिला दलात 'चार बाय दोन' एवढेच म्हणतात. तीही नसेल तर चार वेळा धुतलेले जुने धोतर चालते. टॉवेलच्या गावात रायफलीसाठी धोतर शोधत हिंडणारा माणूस म्हणून मी काही घरांत ओळखला जातो.

नळी साफ करायला पुल थ्रू असतो. दोरीच्या एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला चिंधीसाठी फास. वजन चेंबरच्या बाजूने सोडायचे आणि नळीच्या तोंडातून बाहेर आले की दोरी एका दमात, सरळ रेषेत ओढायची. मध्येच थांबले तर चिंधी अडकते. तिरके ओढले तर दोरी नळीच्या तोंडाच्या कडेला घासते, आणि ती कडा एका बाजूने झिजली तर गोळी बाहेर पडताना तिच्यामागचा वायू सगळीकडून सारखा सुटत नाही, मग नेम कितीही चांगला असला तरी गोळ्या विखुरतात. नव्या रायफलीची पहिली चिंधी तपकिरी निघते, हे अपेक्षितच असते. दुसऱ्या-तिसऱ्या चिंधीवर मात्र करडी-काळी रेघ दिसते आणि जवान चक्रावतो, की न वापरलेल्या रायफलीत ही काजळी कुठली? ती कारखान्याची. प्रत्येक रायफल बाहेर पडण्यापूर्वी नेहमीपेक्षा अधिक दाबाच्या गोळीने तपासली जाते. तेव्हा नवी रायफल म्हणजे कधीच न झाडलेली रायफल नव्हे. चिंधी पांढरी आली तशीच पांढरी जाईपर्यंत ओढत राहायचे आणि मग नळीच्या मागे पांढरा कागद धरून तोंडातून आत पाहायचे. आतल्या पीळदार खोबणी स्वच्छ असतील तर उजेड त्यांच्या कडांवरून सरळ धावतो. कुठे ग्रीसचा पापुद्रा राहिला असेल तर तिथे तो धूसर होतो.

इथवर आल्यावर हात तेलाच्या डबीकडे जातो, आणि बिघाडाची सुरुवात बहुतेक इथूनच होते. नियम तोंडपाठ करण्याइतका सोपा आहे : जिथे लोखंडावर लोखंड सरकते तिथे तेल, जिथून गोळी आणि गॅस जातात तिथे कोरडे. स्लाइडच्या दोन्ही कडा, ब्रीच ब्लॉक ज्यावर टेकतो आणि उचलला जातो त्या उतरत्या बाजू, लॉकिंग शोल्डर, फायरिंग पिनवर आपटणाऱ्या हॅमरची खुंटी, कॉकिंग हँडलची खाच या जागी बोटाने फिरवलेला तेलाचा पातळ थर पुरतो. लोखंड ओले दिसावे, थेंब ओघळता कामा नये. गोळीबाराआधी नळी आणि चेंबर मात्र पुसून कोरडे करायचे. गोळी सुटते तेव्हा पितळी काडतूस दाबाने फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरते आणि मागे बसणारा बराचसा धक्का ही पकडच पेलते. चेंबरमध्ये तेल असेल तर पकड निसटते आणि तो सगळा धक्का ब्रीच ब्लॉकवर येतो. नळीत तेल राहिले तर धूर निघतो आणि पहिली गोळी भलतीकडे जाते, हा त्यातल्या त्यात सौम्य परिणाम.

पिस्टन आणि गॅस सिलिंडर यांच्याबाबतीत तर लोकांना पटवणे फार कठीण जाते. पिस्टन मागे-पुढे सरकतो, मग त्याला तेल का नको? कारण तिथे गरम वायू थेट येतो. तेल जळून काजळी होते, काजळी घट्ट होते, आणि ज्या पिस्टनने मोकळे धावावे तो अडखळू लागतो. तो कोराकरकरीत कोरडाच हवा.

जास्त तेलाचे नुकसान आमच्या भागात दुप्पट असते. उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ पावडरीसारखी उडते आणि तेलावर बसली की तिचा पॉलिशपेपर होतो. शिवाय कोतीत रायफल बट, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग, खाली करून उभी असते. उकाड्याने पातळ झालेले तेल बॉडीतून बटमध्ये उतरते आणि लाकडी बट आतून नरम पडत जाते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या जुन्या जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त ठेवणाऱ्या कारागिराला, हे समजावून सांगावे लागत नाही. तो तेलाची कुपी अशी धरतो की थेंब बेअरिंगवर पडतो, कापडावर नाही; कारण कापडावर डाग पडला तर ठाणच्या ठाण परत येते. रायफलीवर डाग दिसत नाही, म्हणून आमच्याकडचे हात सैल सुटतात.

याच ओघात दसऱ्याचे सांगून टाकतो. खंडेनवमीला माग पुजतात तशी कोतीतली हत्यारेही पुजतात, झेंडूच्या माळा चढतात, हळद-कुंकू लागते. श्रद्धेला माझा विरोध नाही, मीही हात जोडतो. पण कुंकू लावायचे ते बटवर. नव्या, नुकतेच तेल दिलेल्या रायफलीच्या उघड्या ब्रीचवर चिमूटभर हळद पडली तर ती तेलात कालवली जाते, आणि दुसऱ्या दिवशी ट्रे, रॉकेल, कुंचला सगळे पुन्हा मांडावे लागते. पूजेच्या आधी कव्हर बंद करून मॅगझिन चढवून ठेवण्याची पद्धत मी घातली, ती अशी.

जोडणी झाली की रिकाम्या रायफलीचे कॉकिंग हँडल पाच-सहा वेळा ओढून सोडायचे. तेल आपोआप पसरते आणि जादा झालेले कडेने बाहेर येते. ते पुसून घ्यायचे. त्यानंतर नळी सुरक्षित दिशेला ठेवून ट्रिगर दाबून हॅमर पडल्याचा आवाज ऐकायचा. ग्रीस आत राहिले असेल तर आवाज बोदा येतो. कान तयार झाला की हे लगेच कळते.

रेंजवर, म्हणजे गोळीबाराच्या मैदानावर, पहिल्या दिवशी गॅस रेग्युलेटर जुळवून घ्यावा लागतो. त्याची रचना अशी की जरुरीपुरता गॅस पिस्टनकडे जातो आणि उरलेला बाहेर सोडून दिला जातो. नव्या रायफलीचे भाग अजून एकमेकांना सरावलेले नसतात, त्यामुळे ती थोडा जास्त गॅस मागते. रिकामे काडतूस पायाशीच पडत असेल किंवा बाहेर पडायच्या झरोक्यातच अडकत असेल तर गॅस कमी पडतो आहे. फार लांब भिरकावले जात असेल आणि खांद्याला धक्का जास्त बसत असेल तर गॅस जास्त होतो आहे. झिरोइंगच्या, म्हणजे नेम जुळवून घेण्याच्या, गोळ्या याच्या नंतर.

पहिले मॅगझिन रिकामे झाल्यावर रायफल तपासून, थंड होऊ देऊन, ती रेंजवरच पुन्हा एकदा उघडावी असा माझा आग्रह असतो, आणि तो जवानांना जाचक वाटतो, कारण तोवर चहाची गाडी आलेली असते. पण त्या वेळी स्लाइडच्या कडांवर आणि ब्रीच ब्लॉकच्या खालच्या अंगाला काळा मुलामा घासून लोखंड चकाकू लागलेले दिसते. कुठे अरुंद रेघ, कुठे नखाएवढा ठिपका. कारखान्याने आणि आम्ही कितीही अंदाज बांधले असले तरी त्या रायफलीत लोखंड लोखंडाला खरोखर कुठे भिडते आहे ते त्या चकाकीवरूनच कळते, आणि संध्याकाळी कोतीत परतल्यावर तेलाचे बोट फिरवायचे ते त्याच जागांवर.