बावखल – बरोबर

सातवीत 'माझे गाव' या निबंधात मी लिहिलं होतं, 'आमच्या वाडीत बावखल आहे.' वही परत आली तेव्हा त्या शब्दावर लाल रेघ होती आणि वर सरांनी 'तळे' लिहिलं होतं. सर सातारा जिल्ह्यातले, वारकरी घरातले, गळ्यात तुळशीची माळ. वसईत येऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता. मी कधी नव्हे ते उभा राहिलो, "सर, तळं वेगळं, बावखल वेगळं." वर्ग हसला. आमच्या घरी कादोडी ही वसईकडची बोली बोलतात. पुस्तकातली मराठी बोलताना जीभ अडखळायची, म्हणून मी एरवी तोंडच उघडत नसे. सर हसले नाहीत. म्हणाले, "उद्या दाखव."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सायकल हातात धरून ते माझ्याबरोबर वाडीपर्यंत चालत आले. पपांनी काठावर उभं राहून सगळं सांगितलं: पावसाचं पाणी इथे साठून कसं मुरतं, त्यामुळे विहीर कशी गोडी राहते, केळीला आणि पानवेलीला ते कसं पुरतं. सर खिशातल्या छोट्या वहीत लिहून घेत होते. मोठा माणूस माझ्या बापाचे शब्द लिहून घेतोय, हे मी पहिल्यांदा पाहिलं. पुढच्या तासाला त्यांनी माझी वही मागितली, 'तळे' खोडलं आणि समासात लिहिलं, 'बावखल – बरोबर'. खाली सही.

मग त्यांनी आपल्या शाळेचे आश्रयदाते संत गोन्सालो गार्सिया यांची गोष्ट सांगितली. धर्मशिक्षणाच्या तासाला ती आम्ही पाठच केली होती: जन्म वसईत, 1557च्या सुमारास, वडील पोर्तुगीज, आई इथलीच, नागासाकीच्या टेकडीवर 5 फेब्रुवारी 1597 रोजी क्रुसावर मरण, 1862 मध्ये संतपद. सरांना मात्र मधलं आयुष्य सांगायचं होतं. वसईत येशूसंघीयांकडे, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंकडे, शिकलेला हा मुलगा पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेला आणि तिथली भाषा इतकी आपलीशी केली की लोक त्याच्याशी मनातलं बोलू लागले. येशूसंघात घेतील ही त्याची आशा फळली नाही. त्याने व्यापार केला, त्यात जम बसवला आणि तो सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघात ब्रदर झाला. 1593 मध्ये स्पॅनिश गव्हर्नरचे दूत हिदेयोशीकडे निघाले, तेव्हा दुभाषी म्हणून त्यालाच नेलं. जपानच्या सत्ताधीशासमोर वसईचा मुलगा जपानीतून बोलत होता. क्योतोत फ्रान्सिस्कनांनी कुष्ठरोग्यांची सेवा केली, तिथेही तो होता. पुढे हिदेयोशीची मर्जी फिरली. चोवीस जणांच्या डाव्या कानाची पाळी कापली आणि ऐन थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेलं; वाटेत आणखी दोघांची भर पडून ते सव्वीस झाले. त्यांत सर्वांत लहान बारा वर्षांचा होता. आमच्याच वयाचा. वर्गात कोणी हललं नाही.

आपली शाळा धर्मग्रामाची (पॅरिशची), फादरांनी काढलेली. पण बाकांवर आगरी, कोळी, वारली अशी सगळीच मुलं होती, आणि कॅथलिक संताची गोष्ट सगळ्यांत जीव ओतून सांगितली ती माळकरी सरांनी. शाळेचं ध्येय मला पाटीवरच्या वाक्यातून नाही, त्या तासातून कळलं.

पुढे बँकेत लागलो. बदली पूर्वेकडच्या एका आदिवासी गावात झाली. पहिल्याच आठवड्यात एक वारली आजी फॉर्म हातात घेऊन काउंटरसमोर अर्धा तास उभी होती. मी मराठीत विचारत होतो, ती मान खाली घालून गप्प. ते गप्प बसणं मला ओळखीचं होतं. त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत शिपायाकडून वारली शिकायला लागलो. उच्चार चुकायचे, बायका हसायच्या, पण काउंटरवर बोलू लागायच्या. त्या शाखेत मी दोनदा बदली नाकारून नऊ वर्षं काढली. आयुष्यातलं सगळ्यांत समाधानाचं काम तेच.

सर गेले. आमचं बावखल बुजलं, त्यावर आता चार मजले उभे आहेत. वहीचं ते पान मी जपून ठेवलंय आणि शाळेच्या महोत्सवातल्या प्रदर्शनासाठी देतो आहे. काचेखाली लावताना लाल रेघ झाकली जाणार नाही एवढं पाहावं, ही विनंती.