खलाशाचा रकाना

कोकणात बंदरावर मच्छीमारांची बैठक लावली की पुढच्या खुर्च्यांवर बसतात बोटमालक आणि तांडेल, म्हणजे बोट चालवणारे म्होरके. प्रत्यक्ष जाळं ओढणारी माणसं बाहेर धक्क्यावर फाटकी जाळी शिवत असतात, आणि त्यातली बरीचशी नेपाळची. ऑगस्टमध्ये पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठते त्या सुमारास येतात, मे संपला की जातात. सगळ्यांना हाक एकच, ‘बहादूर’.

आमचं काम कासवांचं. जाळ्यात अडकलेलं कासव कसं सोडवायचं हे सांगणारं आमचं मराठी पोस्टर बोटींच्या केबिनमध्ये लागायचं. नेपाळीचा विषय काढला तेव्हा वरिष्ठ म्हणाले, “लिपी तीच आहे ना? वाचतील.” शेवटी या किनाऱ्यावर केस पिकलेल्या एका नेपाळी खलाशाला मोबाइलसमोर बसवलं, त्याच्या भाषेत बोलायला लावलं आणि व्हिडिओ खलाशांच्या ग्रुपवर सोडला. अहवालात तो ‘इतर उपक्रम’मध्ये गेला. मुखपृष्ठावर फोटो पोस्टरचाच.

जानेवारीत एका सकाळी तांडेलचा फोन आला. कासव घावलंय, हलत नाही. ओहोटी होती, खाडीच्या तोंडाशी गाळ, त्यामुळे बोट बाहेरच नांगरून होती. मी होडीने गेले. मेलेलंच असणार असं धरून.

मागच्या बाजूला सावलीत एक ऑलिव्ह रिडले मादी होती. पोटावर ठेवलेली, शेपटीकडची बाजू जुन्या टायरवर अर्धा फूट वर, डोकं उताराला. पाठीवर ओलं गोणपाट, नाकपुड्या मोकळ्या. मी बघतच राहिले. कासव फुप्फुसाने श्वास घेतं. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही की बुडतं आणि मेल्यासारखं निपचित पडतं. तसंच पाण्यात टाकलं तर खरंच मरतं. मागची बाजू उचलून ठेवली तर फुप्फुसातलं पाणी निथळतं. मग वाट बघायची, कधी चार तास, कधी पुरता दिवस. पाण्याच्या बादलीत मात्र ठेवायचं नाही. भलेभले तांडेल त्याला उताणं करून छाती दाबतात, आणि हे कौतुकाने सांगतातही.

हे सगळं केलं होतं विशीतल्या एका खलाशाने. पहाटे जाळी ओढताना कासवाच्या मानेला आणि पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला फास बसलेला दिसला. त्याने पातं कासवाकडे पाठ करून धरलं आणि जाळ्याचा एकेक आस, म्हणजे डोळा, कापत गेला. दुसऱ्याने मोबाइल धरला, कारण व्हिडिओतल्या म्हाताऱ्याने ‘आधी फोटो, मग सुरी’ असं दोनदा बजावलं होतं. पोस्टरवर ती ओळ सर्वांत खाली, बारीक अक्षरांत आहे. पोस्टर मी केबिनमध्ये पाहिलं. त्यावर गणपतीचं कॅलेंडर लटकत होतं.

मी शेपटीला हलकेच बोट लावलं. शेपटी आखडली. दुपारच्या आत मादीने मान उचलली आणि असा काही उसासा टाकला की तांडेल दचकून मागे सरला. मग त्यानेच हळदकुंकू वाहिलं. बोट जाळ्यांपासून लांब नेली, इंजिन न्यूट्रलला टाकलं आणि दोघांनी कवच धरून तिला खाली सोडलं.

इथवर गोष्ट छान आहे, आणि आमच्या फेसबुक पानावर ती इथेच संपली. संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्यात २०१८च्या डिसेंबरपासून आहे. योजना चांगली आहे, तिच्यामुळेच मालक सुरी चालवू देतात. मी तिथेच अर्ज भरायला घेतला. बोटीचा नंबर, परवाना, मालकाचं पासबुक. तो पोरगा बाजूला उभा राहून बघत होता. मनगटावर कासवाच्या नखाचा लांब ओरखडा, त्याला हळद फासलेली.

“मॅडम, इस में मेरा नाम किधर आएगा?”

कुठेच नाही. जाळं मालकाचं, नुकसान मालकाचं, भरपाई मालकाला. मालकाला फोनवर विचारलं तर म्हणाला, “पगार देतो की मी.” खोटंही नाही. त्या पोराचा जोडीदार मात्र जाळी गोळा करता करता पुटपुटला, “फेंक देता, तो दो घंटा सो जाता.”

या हंगामासाठी नवा व्हिडिओ करायचाय. म्हातारा खलाशी म्हणतो, पैसे कोणाला मिळतात ते आधी सांग, नाहीतर पोरं मलाच धरतील. वरिष्ठ म्हणतात, पैशाचा उल्लेख नको, संदेश सकारात्मक ठेवा. जनजागृतीच्या खर्चातून कासव सोडवणाऱ्या खलाशाला पाचशे रुपये देता येतील का, असं मी लेखी विचारलंय. उत्तर आलं की त्यासाठी वेगळं लेखाशीर्ष लागेल. पोस्टरांची दुसरी खेप मात्र छापून आलीये, गठ्ठे माझ्या टेबलाखाली आहेत.