ब्रेक कॅलिपरला घरी रंग देताना

अलॉय व्हीलच्या आऱ्यांमधून ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी ब्रेक पॅड दाबणारा भाग, उघडा दिसतो. बहुतेक लहान गाड्यांत तो ओतीव लोखंडाचा असल्याने बडोद्याचे काही पावसाळे झाले की त्यावर तांबूस गंज चढतो. हा वरवरचा गंज ब्रेकची ताकद कमी करत नाही; पण तो तसाच वाढू दिला तर पुढे बोल्ट आणि ब्लीडिंग निपल (ब्रेकमधली हवा व जुने ऑइल बाहेर काढायची छोटी तोटी) सोडवणे अवघड होते. म्हणून दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर मी पुढच्या दोन्ही कॅलिपरना रंग द्यायचे ठरवले. दांडिया बाजारात आमच्या घरापुढे गाडी उचलून ठेवण्याइतकी सपाट जागा नाही, त्यामुळे हे काम मांजलपूरला मामांच्या पोर्चमध्ये केले.

रंगाची निवड हा मला या कामातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग वाटला. सायलेन्सरसाठीचा ६०० अंश सेल्सिअस सोसणारा रंग सहज मिळतो आणि आकडा मोठा असल्यामुळे तोच चांगला असेल असे वाटते. परंतु असा रंग पक्का होण्यासाठी त्याला एकदा चांगलाच तापवावा लागतो आणि शहरातल्या वापरात कॅलिपर तितका तापत नाही. कॅलिपरच्या आत ब्रेक ऑइल असते. डॉट ४ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो आणि ओलावा शोषल्यावर तो बराच खाली येतो. म्हणजे कॅलिपर त्याहून जास्त तापू लागला, तर रंगाच्या कितीतरी आधी ब्रेकचीच काळजी करावी लागेल. त्यातच न भाजलेला सायलेन्सरचा रंग ब्रेक ऑइलच्या थेंबानेही सुटू शकतो. म्हणून मी कॅलिपरसाठीच बनवलेला, हार्डनर मिसळून ब्रशने लावायचा रंग घेतला आणि लाल न घेता गडद करडा निवडला, कारण ब्रेकची काळी धूळ त्यावर कमी उठून दिसते.

मामांनी मकरपुऱ्याच्या कारखान्यात अनेक वर्षे यंत्रांच्या देखभालीचे काम केले आहे. त्यांनी पहिल्याच वाक्यात बजावले, ‘‘अरे, विटांवर गाडी ठेवायची नाही हं, स्टँड घेऊन ये.’’ मागच्या चाकांना लाकडी पाचरी लावल्या, हँडब्रेक ओढला, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल केले आणि मगच ती जॅकने उचलून स्टँडवर टेकवली. ब्रेकची धूळ कोरडी झाडू नये किंवा हवेने उडवू नये, कारण ती थेट छातीत जाते. मी मास्क लावून ती ब्रेक क्लीनरने ओली केली आणि खाली ठेवलेल्या ट्रेमध्ये उतरू दिली. अनेक गॅरेजांत यासाठी रॉकेल वापरतात. पण ते मागे तेलकट थर ठेवते आणि ब्रेकचे रबर त्याने फुगते. यानंतर हाताने वायर ब्रश व पॉलिश पेपर मारून सुटा गंज काढला, आणि पुन्हा एकदा क्लीनरने धुतले.

कॅलिपर मी खोलला नाही, त्यामुळे मास्किंग टेप लावण्यातच खरा कस लागला. पॅडची दोन्ही टोके, म्हणजे त्याचे कान, कॅलिपरला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटच्या ज्या खाचेत सरकतात तिथे रंगाचा थर बसला, तर पॅड अडकतो, डिस्कला घासत राहतो आणि चाक तापते. सरकत्या पिनांचे रबरी बूट, पिस्टनवरचे रबर, ब्रेकचा होज, ब्लीडिंग निपलचे तोंड आणि डिस्कचा पृष्ठभाग या सगळ्यांवर टेप किंवा कागद हवा. चाक ज्यावर बसते त्या हबची चाकाला टेकणारी बाजूही कोरीच ठेवली. तिथला रंग पुढे दबत जातो आणि त्यामुळे नट सैल पडू शकतात.

पातळ हात दिले आणि दोन हातांमध्ये डब्यावर सांगितले होते तितका वेळ सोडला. रंग रात्रभर वाळू दिला आणि नंतर चाके बसवून नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळता येणाऱ्या पान्याने, गाडीच्या पुस्तिकेतल्या मापाने आवळले. पेडल कडक लागते याची खात्री केल्यावरच गाडी हलवली आणि थोडे अंतर चालवून नट पुन्हा तपासले. ब्रेक ऑइल बदलायचे असेल, तर ते रंगाच्या आधी उरकावे, असे मी सर्वांना आग्रहाने सांगेन.

पुढच्या रविवारी मामा-मामींना घेऊन पावागडला गेलो. डोंगरावर मध्यावर असलेल्या माचीचा उतार मुद्दाम खालच्या गिअरमध्ये उतरलो, तरी वळणांवर ब्रेकला काम पडलेच. खाली आल्यावर टॉर्च लावून दोन्ही बाजू पाहिल्या. रंग कुठे मऊ पडला नव्हता, फुगला नव्हता, आणि पॅड पूर्वीसारखेच मोकळे सरकत होते.